विन्स्टन परमनंट होता ना, सर?

ग्रंथालयाच्या खिडकीशी जाऊन मी '१९८४' मागितलं. आतल्या गृहस्थांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "सर, दोन हजारच्या आधीचं सारं निर्लेखित झालं. दोन हजार एकोणीसचं काढून देऊ का?"

निर्लेखित. ग्रंथालयवाल्यांचा हा रोजचा शब्द. फाटलेलं, वाळवी लागलेलं, कोणी न नेलेलं पुस्तक नोंदवहीतून कायमचं कमी करायचं, म्हणजे त्याचं निर्लेखन. क्षयाने खंगलेला जॉर्ज ऑर्वेल जुरा नावाच्या ओल्या बेटावर, टंकलेखक मिळेना म्हणून अंथरुणात बसून स्वतःच '१९८४' चं हस्तलिखित टाइप करत होता, तेव्हा त्याला असा एखादा शब्द हवा होता. बिचाऱ्याला तो घडवत बसावं लागलं. यवतमाळात खिडकीवर आयता मिळाला असता.

शेवटी घरच्या जुन्या प्रतीवरून वर्गासाठी झेरॉक्स काढल्या. ऑर्वेल १९५० च्या जानेवारीत गेला, त्याला साठ वर्षं उलटून गेल्याने आपल्याकडे त्या पुस्तकावर कोणाचा हक्क उरलेला नाही. त्यामुळे माझ्या किंवा झेरॉक्सवाल्याच्या मनाला टोचणी नव्हती. फक्त पाठपोट काढण्याच्या घाईत एका प्रतीची प्रकरणं खालीवर झाली. तिच्यात नायक विन्स्टनला आधी पकडून नेतात आणि नंतर तो प्रेमात पडतो. ज्या पोराला ती प्रत मिळाली त्याने सत्रभर तक्रार केली नाही. मला कळलं तेव्हा विचारलं, तर म्हणाला, "मले वाटलं असंच असंन जी. आमच्या काकाचं असंच झालं होतं."

माझ्याबद्दल थोडं सांगतो. मी कॉलेजात सीएचबीवर शिकवतो. क्लॉक अवर बेसिस, शुद्ध मराठीत तासिका तत्त्व. घड्याळाचा काटा जेवढा फिरेल तेवढे पैसे, तेही फिरल्यावर बऱ्याच महिन्यांनी. दरवर्षी मुलाखत द्यायची, त्याच त्या खुर्चीत बसून 'स्वतःबद्दल सांगा' याचं उत्तर द्यायचं, ऑर्डर घ्यायची, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी तासिका संपल्या की आपणही संपायचं. '१९८४' च्या पहिल्याच वाक्यात घड्याळं तेराचा ठोका देतात. थोर समीक्षकांनी त्या ठोक्यातून काळाची मोडतोड, सत्तेचा उन्माद असं काय काय ऐकलं आहे. मला पहिल्यापासून एकच प्रश्न पडत आला आहे: तेराव्याचं बिल निघेल का?

तर एम.ए.च्या शेवटच्या वर्षाचा वर्ग. हजेरीपटावर २३ नावं, बाकांवर सहा माणसं. उरलेल्यांतले निम्मे पोलीस भरतीच्या मैदानावर, निम्मे कापूस वेचणीला. जे येतात ते आर्णी, नेर, बाभूळगाव, घाटंजीहून एसटीने येतात आणि एसटीच्या वेळेला उठून जातात. त्यामुळे शोकांतिकेचा शेवट मला पावणेचारच्या आत उरकावा लागतो.

पहिल्या तासाला मी डिस्टोपिया म्हणजे काय ते सांगितलं. थॉमस मोरने १५१६ मध्ये युटोपिया लिहिलं, ते आदर्श राज्य. आपण रामराज्य म्हणू. त्याच्या उलट जिथे सगळं योजनाबद्ध, कागदोपत्री उत्तम, आणि माणसाचे मात्र हाल, त्याला काय म्हणाल? "ग्रामपंचायत," मागच्या बाकावरून उत्तर आलं. मी फळ्यावर लिहिलं नाही, पण पुसायलाही काही सुचेना.

मग गोष्ट सुरू केली. लंडन शहर. विन्स्टन स्मिथ, वय ३९, पायाला न भरणारी जखम. सत्य मंत्रालयात नोकरी. काम असं की जुन्या वर्तमानपत्रांतल्या बातम्या सरकारच्या आजच्या म्हणण्याशी जुळतील अशा दुरुस्त करायच्या, आणि मूळ कागद भिंतीतल्या एका भोकात टाकायचा. तो खाली भट्टीत जाऊन जळतो. मी आवाज खाली आणला. भीती वाटली पाहिजे असा हा भाग. आर्णीचा, एमपीएससी करणारा पोरगा हात वर करून उभा राहिला.

"सर, परमनंट आहे का तो?"

ऑर्वेलवर मी बरंच वाचलं आहे. हा प्रश्न कोणी विचारलेला माझ्या पाहण्यात नाही. मी म्हणालो, "हो. परमनंटच म्हणायचा."

"क्वार्टर?"

"आहे. सातव्या मजल्यावर. लिफ्ट बहुतेक बंद."

"जेवण?"

"ऑफिसच्या कँटीनला. वर जिन मिळते."

वर्गात शांतता पसरली. मला हवी होती ती नव्हे. एसटीत कोणी 'आमच्या जावयाचं तलाठ्यात झालं' असं सांगितल्यावर आजूबाजूला पसरते, ती.

"अन् पेन्शन?"

"पेन्शनीपर्यंत फारसं कोणी पोचत नाही. मधेच गायब होतात."

"मंग नवीन पेन्शन योजना असंन," नेरच्या मुलीने समजून घेतलं.

त्या दिवसापासून वर्गाची सहानुभूती विन्स्टनकडून उडाली. पक्की नोकरी, क्वार्टर, जेवण असताना माणूस डायरी लिहितो, पोरीच्या नादी लागतो आणि सगळं घालवून बसतो, याला ते बंड मानायला तयार नव्हते. घाटंजीच्या एका मुलाने लिहून दिलं की कादंबरीचा मुख्य विषय 'स्पर्धा परीक्षेतून मिळालेल्या यशाचं मोल न जाणणे' हा आहे. इंग्रजी चांगलं होतं, मी दहापैकी सात दिले.

भिंतीवरच्या टेलिस्क्रीनचंही तेच. जो पडदा आपल्याला दाखवतो आणि आपल्याकडे पाहतोही, जो कधीच बंद करता येत नाही, असं मी म्हणालो, तर बाभूळगावचा म्हणाला, "लाईन गेल्यावर?" मी म्हणालो, तिथे पडद्याची लाईन जात नाही. यावर कोणीही विश्वास ठेवला नाही. ज्यांच्या शेतात मोटारीची लाईन कधी दिवसा तर कधी रात्री पाळीने येते, त्यांना कोणी कितीही सर्वज्ञ हुकूमशहा दाखवला तरी त्यांच्या मते तो वीज कंपनीच्या पुढे जाऊच शकत नाही. कादंबरीतला तो मोठा भाऊ पाहून राहिला, पाहून राहिला, अन् गेली लाईन! तेवढ्यात विन्स्टनने काय ते उरकून घ्यायचं.

राळेगावकडची एक मुलगी मात्र पाळतीबद्दल अधिकाराने बोलली. २०१८ मध्ये टी-१ नावाच्या, अवनी म्हणून गाजलेल्या वाघिणीच्या शोधात त्या भागात काय काय उतरलं होतं ते तिने लहानपणी पाहिलं होतं. झाडाझाडांवर कॅमेरे, वर ड्रोन, हत्ती, परदेशी जातीचे कुत्रे, आणि आमिष म्हणून फवारलेलं विलायती अत्तर. माणसं दगावली होती, लोक शेतात जायला धजत नव्हते. त्या वर्षीच्या २ नोव्हेंबरच्या रात्री बोराटीच्या जंगलात ती मारली गेली तेव्हा कुठे ते संपलं. "पण सर," ती म्हणाली, "त्या कॅमेऱ्यात वाघीण कमी अन् आमच्या गावचे लोकंच जास्त निघाले. सकाळी डबा घेऊन जाणारे." टेलिस्क्रीनवर याहून नेमकं भाष्य मी ऐकलेलं नाही.

ऑर्वेलची नवभाषा शिकवताना तर मीच अडकलो. शब्द कमी करत न्यायचे, म्हणजे विचारच कमी होतील, असा त्या राजवटीचा डाव. मी उदाहरणाला आपला 'बाप्पा' घेतला. आश्चर्य, भीती, दुःख, किंमत ऐकून बसलेला धक्का, पाहुणे येत असल्याची बातमी, सगळं वऱ्हाडी माणूस एका 'बाप्पा'त भागवतो. लंडनच्या भाषातज्ज्ञांना हे समजलं असतं तर त्यांनी यवतमाळात कार्यालय उघडलं असतं. पण बोलता बोलता लक्षात आलं की माझ्या शाळेत 'काऊन' म्हटलं की छडी बसायची, आणि 'मले', 'तुले' म्हणणारी पोरं हळूहळू बोलायचीच बंद व्हायची. शब्द कोणी छाटले हे त्या दिवशी मी वर्गाला सांगितलं नाही. आमचे गुरुजी अजून हयात आहेत आणि बाजारात भेटतात.

चॉकलेटच्या रेशनचा प्रसंग मी खास राखून ठेवला होता. सरकार रेशन तीसवरून वीस ग्रॅमवर आणतं आणि दुसऱ्याच दिवशी ते वीसपर्यंत 'वाढवल्याबद्दल' लोक आभार मानतात. या विसंगतीवर मी अर्धा तास घालवला. दुहेरी विचार, स्मृती, सत्ता असं बरंच बोललो. शेवटी नेरच्या मुलीला माझी दया आली. "सर, सोपं आहे जी. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,०२० होता, त्याचा ७,५२१ केला. बातमी आली, भाव वाढला. माझे बाबा गाडी घेऊन गेले तर व्यापारी म्हणे, ओलावा लय आहे. दोन वर्षांआधी दहा हजाराच्या वर इकला होता. आता सांगा, वाढला का कमी झाला?" वर्गातल्या सहाही जणांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. मी बोललो तेव्हा कोणी लिहिलं नव्हतं.

दोन मिनिटांच्या द्वेषाचा कार्यक्रम आला तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "दोनच मिनिटं?" आणि खिशातले मोबाईल चाचपले.

कादंबरीत एक फार सुंदर जागा आहे. क्रांतीच्या आधीचे दिवस खरंच वाईट होते का, हे विन्स्टनला कोणा म्हाताऱ्याकडून ऐकायचं असतं. तो गुत्त्यात जाऊन एकाला गाठतो. म्हाताऱ्याला मात्र बिअरचं जुनं माप गेलं आणि नवं लिटरचं आलं, एवढंच सलत असतं. यावरून मला प्रकल्प सुचला. ऑर्वेलचा जन्म २५ जून १९०३ चा, बिहारातल्या मोतीहारीचा, वडील अफू खात्यात. (हे कळल्यावर वर्गाला तो पहिल्यांदा घरचा वाटला. "मंग आपलाच की!") आणि २५ जून ही आणीबाणीचीही तारीख, १९७५ ची. योग इतका जुळलेला पाहून मी सांगितलं, घरच्या आजोबा-आजीला विचारा, तेव्हा काय झालं होतं? लिहून आणा.

पंधरा दिवसांनी सहा प्रकल्प आले. आणीबाणीबद्दल एकूण चार ओळी: बसा टायमावर येत होत्या, मास्तर शाळेत येत होते, नसबंदीवाले आले की माणसं शेतात पळत होती, आणि मिलोची भाकर. मिलो बहात्तरच्या दुष्काळातला, पण आजी म्हणाली, त्याच सुमाराला. बाकीची सगळी पानं कापसाने भरली होती. मी आधी चिडलो. मग वाचत बसलो आणि जेवायचं राहून गेलं.

आमच्या विद्यार्थ्यांना माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मीही विसरलो होतो, की महाराष्ट्रात १९७२ पासून पुढे सुमारे तीन दशकं कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. शेतकऱ्याने कापूस सरकारी यंत्रणेलाच विकायचा. दुसऱ्या कोणाला विकणं गुन्हा, राज्याबाहेर नेणं गुन्हा. हेतू चांगला होता, व्यापाऱ्याच्या तावडीतून सोडवायचा होता, आणि काही वर्षं लोकांना त्याचा आधार वाटलाही. पण मग रांगा आल्या, ग्रेडर आले, 'कवडी आहे' म्हणून परत फिरवलेल्या गाड्या आल्या, आणि चुकाऱ्याची वाट पाहणं आलं. पैनगंगेच्या पलीकडे आंध्रात त्याच कापसाला रोख पैसे मिळत होते.

केळापूरकडची एक अगदी अबोल मुलगी आहे. सत्रभर ती एक शब्द बोलली नव्हती. तिच्या आजोबांनी तिला सांगितलं होतं की ते रात्री बैलगाडीतून कापूस नदीपार नेत. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा काढून ठेवायच्या. चाकाला वंगण दुप्पट. बिडी पेटवायची नाही. कुत्रं भुंकलं तर त्याला भाकर टाकायची, त्यासाठी भाकरी वेगळ्या बांधून घ्यायच्या. अमावस्येच्या आसपासचे दिवस धरायचे. नदीच्या उतारापाशी पुढे एकजण जायचा आणि टिटवीसारखा आवाज काढायचा. एकदा खरीच टिटवी ओरडली आणि तीन गाड्या पहाटेपर्यंत पाण्यात उभ्या राहिल्या. त्या खेपेच्या पैशात आजीला पाटल्या झाल्या. विन्स्टन आणि त्याची प्रेयसी ज्युलिया रानात चोरून भेटतात तो भाग मी दरवर्षी रंगवून शिकवतो. या चार पानांपुढे तो मला शाळेच्या सहलीसारखा वाटला.

प्रकल्पाच्या शेवटी तिने एक वाक्य लिहिलं होतं. आजोबांनी सगळं सांगून झाल्यावर दाराकडे पाहिलं आणि म्हणाले, कोणाले सांगू नको.

योजना बंद होऊन वीसच्या वर वर्षं झाली. खरेदी केंद्राच्या आवारात आता लग्नं लागतात. तरी म्हातारा दाराकडे पाहतो.

"सर, आजोबाचं नाव टाकू का?" तिने विचारलं. मी क्षणाचाही विचार न करता म्हणालो, "नको. गावाचंही खोड." तिने तिथेच बसून खोडलं. मी पाहत उभा होतो, माझ्या हातात कादंबरी होती.

आपल्या गावातही एकदा डिस्टोपियन कादंबरीची लेखिका येणार होती, हे मी पुढच्या तासाला सांगितलं. २०१९ च्या जानेवारीत यवतमाळला ९२ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, अध्यक्ष अरुणा ढेरे. उद्घाटनाला नयनतारा सहगल यांना बोलावलं होतं. त्यांची 'व्हेन द मून शाइन्स बाय डे' २०१७ ची. तिच्यात एका इतिहासकाराची पुस्तकं दुकानांतून आणि ग्रंथालयांतून नाहीशी होतात, आणि सांस्कृतिक परिवर्तनाचा एक संचालक असतो. अशा बाईंचं निमंत्रण संमेलनाच्या तोंडावर मागे घेतलं गेलं. मग उद्घाटन केलं कळंब तालुक्यातल्या वैशाली येडे यांनी, शेतकरी पतीच्या आत्महत्येनंतर संसार ओढणाऱ्या. आणि त्या अशा बोलल्या की मांडवातल्या साहित्यिकांना जागेवर चुळबुळ करावी लागली. सहगलबाईंचं न झालेलं भाषण मात्र सगळीकडे छापून आलं. झालं असतं तर निम्मा मांडव जेवणाच्या रांगेत असता. झालं नाही म्हणून मी ते दोनदा वाचलं.

"सर, त्या संमेलनात मी होती," नेरची मुलगी एकदम म्हणाली. "शाळेकडून ग्रंथदिंडीत नेलं होतं. मी सावित्रीबाई झाली होती." आणि उद्घाटक कोण, तिला आठवेना. वडापाव गार होता हे आठवत होतं. ऑर्वेलचा म्हातारा बाविसाव्या वर्षीच तयार होतो, असं मी मनात म्हटलं.

हे सगळं मी दुपारी शिकवत होतो. सकाळचं काम वेगळं होतं. आमच्याकडे मूल्यांकनाची समिती येणार होती. पाच वर्षांचे कागद लागणार होते आणि पाच वर्षांत आम्ही बहुतेक शिकवण्यातच वेळ घालवला होता. त्यामुळे झालेल्या आणि होऊ शकल्या असत्या अशा सर्व कार्यक्रमांचे अहवाल करायचं काम सीएचबीवाल्यांकडे आलं. पक्क्या माणसांना वेळ नसतो. इंग्रजी बरं म्हणून मला सर्वात जुनी दोन वर्षं मिळाली. त्यातल्या एका १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनी, मी '४७ विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त सहभाग घेतला' असं लिहिलं. मग वाटलं, ४७ फार नेमके दिसतात, ते ५२ केले. मग ५२ जणांच्या सह्या लागल्या. त्या दिवशी प्रमुख पाहुणा म्हणून मीच बोललो होतो असं मी ठरवलं, आणि अहवालात माझं भाषण मला इतकं आवडलं की ते मी खरंच केलं असल्याची अंधूक आठवण आता येऊ लागली आहे. विन्स्टनसुद्धा एकदा असाच कॉम्रेड ओगिल्व्ही नावाचा वीर निव्वळ कागदावर जन्माला घालतो. त्याला निदान पगार होता.

इथे एक मोठा फरक सांगतो. लंडनचा चुकलेला कागद भट्टीत जळतो. आमच्याकडे तो रद्दीत जातो. त्यामुळे बसस्टँडसमोर आलुबोंडा घेतला तेव्हा त्याच्याखाली माझाच रद्द केलेला अहवाल निघाला, ४७ वाला. पुरावा यवतमाळात नष्ट होत नाही, तेलकट होतो. मी बोंडा खाल्ला आणि कागदाची घडी करून खिशात ठेवली. अजून आहे.

शेवटाकडचं प्रकरण, खोली क्रमांक १०१. ज्याची ज्याला सर्वात जास्त भीती, ते त्या खोलीत असतं. विन्स्टनच्या तोंडाला उंदरांचा पिंजरा लावतात आणि तो मोडतो. या ठिकाणी माझा आवाज दरवर्षी आपोआप कापतो. मी कापरा आवाज काढला. बाभूळगावचा हसू दाबत होता.

"काय झालं?"

"उंदराले कोण भेते जी सर? आमच्या कोठ्यात शंभरक असंन. माझी आजी चिमट्यानं धरून फेकते."

"साप असता तं गोष्ट वेगळी होती," दुसरा म्हणाला, लेखकाची चूक समजुतीने घेत.

मग प्रत्येकाच्या खोलीत काय असेल ते विचारलं. एकाच्या खोलीत भरतीची अंतिम यादी निघाली, एकीच्या खोलीत पाहायला आलेले पाहुणे, पोह्यांच्या बशांसकट. अबोल मुलीने "ग्रेडर" एवढंच म्हटलं. मला कोणी विचारलं नाही.

सत्र संपलं. बिल द्यायला मी कार्यालयात गेलो. बाबूंनी माझं तासिकांचं रजिस्टर उघडलं, बोट फिरवलं, आणि कॅल्क्युलेटरवर काहीतरी केलं.

"सर, तुमचे या महिन्यात किती झाले?"

"सव्वीस."

"मंजूर बावीस आहेत."

"घेतले सव्वीस. रजिस्टरला आहेत. पोरांना विचारा."

"घेतले असंन, मी कुठं नाई म्हणतो?" त्यांचा आवाज मऊ होता, जवळजवळ मायेचा. "पण सव्वीस लिहिले तर अख्खं बिल वापस येते. मंग बावीसचेही नाई. तुम्हीच सांगा, किती झाले?"

मी खिडकीबाहेर पाहिलं. आर्णीची बस लागली होती आणि आमचा एमपीएससीवाला खिडकीतून रुमाल टाकून जागा धरत होता.

"बावीस," मी म्हणालो.

"असं," म्हणत त्यांनी शिक्क्याचं पॅड माझ्याकडे सरकवलं. मी चार ठिकाणी सही केली. त्यांची नजर माझ्या काखेतल्या झेरॉक्सच्या बाडावर गेली.

"काय शिकवलं जी यंदा?"

"एका कारकुनाची गोष्ट आहे."

"परमनंट?"

"हो."

"मंग त्याले कायचं टेन्शन," ते म्हणाले, आणि पुढच्याचं रजिस्टर उघडलं.